गुडघ्याला जाहिरात वाचता येत नाही

चंद्रपूर
मृग नक्षत्र

चि. भाच्यास,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. कुठं दुखतं असं विचारलं की बहुतेक माणसं अख्खा पंजा गुडघ्यावर फिरवतात आणि "इथंच कुठंतरी" म्हणतात. तू एकच बोट ठेवलंस, तेही वाटीच्या खालच्या टोकाला. फिजिओथेरपीत आयुष्य काढलेल्या माणसाला एवढ्यावरून बरंच कळतं. पळायला लागलं की दुखतं, अंग तापलं की दुखणं पळून जातं, दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना परत डोकं वर काढतं, अभ्यासिकेत दोन तास गुडघे मुडपून बसलं तरी ठणकतं, असं तू सांगतोस. गुडघा सुजलेला नाही, अडकत नाही, दगा देत नाही. हे सगळं जुळवलं तर वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा जो टेंडन आहे, त्याचंच हे दुखणं दिसतं. खेळाडूंमध्ये त्याला 'जंपर्स नी' म्हणतात. पक्कं सांगायचं तर मला तुझा गुडघा हातात घेऊन पाहावा लागेल, तेव्हा सवडीनं येऊन जा. तोवर काय करायचं आणि मुळात हे झालं कशानं, ते लिहितो. पत्र लांबणार आहे. अभ्यासिकेतल्या मित्रांनाही दे वाचायला, त्यांच्यातही गुडघा चोळत बसणारे असतीलच.

आधी ही जागा समजून घे. मांडीच्या पुढच्या बाजूचे चार मोठे स्नायू खाली येऊन वाटीला धरतात आणि वाटीपासून एक चपटा, चिवट पट्टा नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत जातो. जेमतेम ४ ते ५ सेंटीमीटर लांब. मांडीची सगळी ताकद या पट्ट्यातून पायात उतरते. तू उडी मारतोस तेव्हा तोच ताणला जातो आणि उडीवरून खाली उतरतोस तेव्हा तर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्याच्यावर येतो. आत कोलॅजनचे तंतू असतात, एकमेकांना समांतर, अंबाडीच्या दोरात असतात तसे घट्ट. भार बेतात असला की हा पट्टा हळूहळू मजबूत होतो. सोसवेल त्याहून जास्त भार रोज पडत राहिला की तंतूंची मांडणी विस्कटते, मधे पाणी धरतं, पट्टा जाड होतो, नव्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तिथं शिरतात आणि वाटीच्या टोकाशी दुखायला लागतं.

आता तुझ्या भाराचा हिशेब मांडू. पोलीस भरतीची जाहिरात निघाली आणि तू अकॅडमीला नाव घातलंस. सध्याच्या नियमात मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. म्हणून पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० चं टायमिंग लावणं सुरू झालं, आणि तेही रोज. पळणं संपलं की सर बेडूकउड्या आणि बदकचाल करून घेतात. कोणी उशिरा आलं तर सगळ्या बॅचला आणखी एक फेरी. संध्याकाळी गावात व्हॉलीबॉल. गडचिरोली पोलिसांच्या भगवान बिरसा मुंडा चषकासाठी टीम उतरवायची म्हणून यंदा तुम्ही नेटवर जास्तच उड्या मारताय. अकॅडमीला जायला बहिणीची सायकल. आणि आता पाऊस पडला की चिखलणी, मग रोवणी.

यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर विशीतल्या गुडघ्याला काही जड नाही. पण जाहिरातीच्या आधी तू काय करत होतास? उन्हाळ्यात सकाळी तेंदूपत्ता तोडायला जात होतास आणि बाकी दिवसभर अभ्यास. म्हणजे ज्या टेंडनला महिनोन्‌महिने चालण्याची सवय होती, त्याच्यावर एकाच पंधरवड्यात पळणं, बेडूकउड्या, व्हॉलीबॉल आणि सायकल असं सगळं येऊन पडलं. हा आजार एखाद्या दिवशी लचकण्याचा नसतो. भार किती वाढला यापेक्षा तो किती लवकर वाढला, यावर तो ठरतो. जाहिरात निघाली की दोन-अडीच महिन्यांनी असले गुडघे माझ्याकडे रांगेनं यायचे, त्याचं कारण हेच.

यात एक गोची आहे. दम लवकर वाढतो. तीन-चार आठवडे नेमानं पळलास की छाती साथ द्यायला लागते, महिना-दीड महिन्यात मांडीत जोर येतो आणि वाटतं की शरीर तयार झालं. टेंडनला मात्र महिनोन्‌महिने लागतात. त्याला रक्तपुरवठा कमी, त्याच्या पेशी थोड्या, त्याचं काम संथ. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुस्फोट चाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरातही गेला. पुढे त्या माणसांच्या टाचेमागच्या टेंडनमध्ये तो मोजला, तर दिसलं की टेंडनचा आतला गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. स्नायू जन्मभर नवे होत राहतात, गाभा मात्र पोरवयात मिळतो तोच. म्हणून टेंडनची घाई चालत नाही.

दुसरी गोष्ट तितकीच कामाची. कस लागणारा व्यायाम झाल्यावर टेंडनमध्ये जुनं कोलॅजन मोडणं आणि नवं घडवणं दोन्ही वाढतं. पण पहिला दीड दिवस मोडण्याची बाजू जड असते. घडणं वरचढ व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे सोमवारी जोरदार ग्राउंड मारलं, मंगळवारी परत मारलं, बुधवारीही, तर टेंडन आठवडाभर तोट्यातच राहतो. तुमच्या अकॅडमीत "एक दिवस सुट्टी म्हणजे एक गुण गेला" असं म्हणतात ना, ते टेंडनच्या बाबतीत साफ उलटं आहे. जड दिवसानंतरचा हलका दिवस हाही सरावच असतो.

सायकलचंही बघ. ती बहिणीला मानव विकास मिशनमधून आठवीत मिळालेली. तेव्हाच्या उंचीला लावलेली सीट आजवर कोणी हलवलेली नाही. तू तिच्यापेक्षा वीतभर उंच. व्हिडिओत मागे ती उभी दिसते, म्हणून लक्षात आलं. सीट खाली असली की प्रत्येक पायडलला गुडघा पूर्ण मुडपतो आणि मुडपलेल्या गुडघ्यानंच जोर लावावा लागतो. सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली आणलं असता गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे. पाना घे आणि आजच सीट वर कर. पैसा लागत नाही.

आता औषधांचं. तू डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेऊन पळतोयस, असं तुझी आई म्हणाली. ते बंद कर. पूर्वी डॉक्टरही याला टेंडनची सूज समजत आणि सूज उतरवायच्या गोळ्या देत. पण सूक्ष्मदर्शकाखाली असे टेंडन पाहिले तेव्हा नेहमीच्या सुजेच्या पेशी तिथं फारशा सापडल्या नाहीत. सापडली ती विस्कटलेली मांडणी. करीम खान, जिल कुक या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ठणकावून लिहिलं की टेंडनच्या सुजेची ही जुनी कल्पना आता सोडा. गोळी दुखणं दाबते, भार कमी करत नाही. दुखणं दाबून तू परत बेडूकउड्या मारतोस आणि मूळ हिशेब आणखी बिघडतो.

गुडघ्यात सुई टोचून घ्यायचा मोह तर मुळीच नको. आपल्या भागात पाठीत, कमरेत, गुडघ्यात स्टेरॉइडची सुई देणारे गावोगाव फिरतात आणि दोन दिवसांत आराम पडतो म्हणून लोक त्यांना मानतात. आराम पडतो हे खरं. डेन्मार्कमध्ये २००९ साली याच टेंडनवर स्टेरॉइडची सुई, उतारावरच्या बैठका आणि जड वजनाचा संथ व्यायाम यांची तुलना झाली. बारा आठवड्यांपर्यंत तिन्ही गट सुधारले होते. सहा महिन्यांनी पाहिलं तर सुई घेतलेले मागे गेले होते आणि व्यायाम केलेले टिकून होते. नागपूरला आपलंच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेटची महागडी सुई देतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या टेंडनला ती साध्या सलाईनच्या सुईपेक्षा सरस ठरली नाही. त्यासाठी धान विकू नका. आणखी एक ध्यानात ठेव: तापाला किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशा गोळ्या मिळतात, त्यांनी टेंडन दुखावू शकतो. डॉक्टरांना "मला टेंडनचा त्रास आहे" एवढं आधीच सांगायचं. हाडवैद्याच्या तेलमालिशीला माझी हरकत नाही, मांडीला खुशाल करून घे. दुखऱ्या जागी मात्र अंगठ्यानं रगडू द्यायचं नाही.

मग पूर्ण विश्रांती? तीही नाही. आराम केला की दुखणं थांबतं, कारण भारच नसतो. पण त्या आरामात टेंडन आणि मांडी दोन्ही आणखी कमजोर होतात आणि पळायला लागल्याच्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू होतं. यावर खरा इलाज भाराचाच आहे, फक्त तो मोजून द्यायचा. बाकी सगळं त्याच्या मदतीला.

पहिले दोन आठवडे उड्या, बेडूकउड्या, बदकचाल आणि वेगानं पळणं बंद. चालणं चालू ठेव. भिंतीला पाठ टेकून, पाय फूट-दीड फूट पुढे ठेवून अर्ध्या बैठकीत थांब. मांड्या जमिनीला समांतर करायच्या नाहीत, त्याच्या बऱ्याच वर थांबायचं. ४५ सेकंद धर, दोन मिनिटं सोड, असं पाच वेळा, दिवसातून एक-दोनदा. दोन्ही पायांवर सोपं वाटलं की भार हळूहळू दुखऱ्या पायावर घे. यानं काहींचं दुखणं तेवढ्यापुरतं चांगलंच कमी होतं, सगळ्यांचं होतं असं नाही. पण न हलता भार घेण्याची सवय टेंडनला लागते.

तिसऱ्या आठवड्यापासून जड आणि संथ व्यायाम, एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. बैठक मारताना तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. मनात मोजायचं, झटका द्यायचा नाही. सुरुवातीला १५ वेळा जमेल एवढं वजन घे, असे चार संच. मग दर दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवत आणि आकडा कमी करत १२, १०, ८ आणि शेवटी ६ वर ये. त्या डॅनिश अभ्यासातला बारा आठवड्यांचा क्रम हाच होता. जिम नाही म्हणून अडू नको. जुनी शाळेची बॅग घे, त्यात तांदळाच्या किंवा रेतीच्या पिशव्या भर, प्रत्येकीवर किलो लिही. वजन मोजलेलं असलं पाहिजे, अंदाजपंचे नको. दोन्ही पायांनी सोपं झालं की एका पायानं कर.

एका पायाच्या बैठकीला उताराची पाटी लागते. गावच्या सुताराकडून करून घे. २५ अंशांचा उतार हवा, म्हणजे ३० सेंटीमीटर लांबीला मागची बाजू साधारण १४ सेंटीमीटर उंच. आलापल्लीच्या सागवानाची गरज नाही, कुठलंही मजबूत फळकूट चालेल, वर सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा ठोकला की पाय घसरत नाही. टाच उंच बाजूला, बोटं खाली. सपाट जमिनीवर पोटरी आणि कंबर भार वाटून घेतात. या उतारावर तो नेमका वाटीखालच्या पट्ट्यावर येतो, म्हणून थोडं दुखणार. जोडीला पोटरीसाठी टाचा उचलणं आणि कमरेसाठी एका कुशीवर झोपून पाय उचलणं ठेव. पळणाऱ्याचा गुडघा वरच्या आणि खालच्या सांध्यांच्या जिवावर चालतो.

थोडं दुखलं तर चालेल, हे पोरांना पटवणं सगळ्यात कठीण. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धर. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रोज उठल्यावर, तोंड धुवायच्या आधी, ओट्याच्या पायरीवर दुखऱ्या पायानं एक अर्धी बैठक मार आणि आकडा वहीत लिही. कालच्याएवढा किंवा कमी असेल तर भार पचला. दोननं वाढला तर कालचं जास्त झालं, वजन उतरव. ही वही कोणत्याही एमआरआयपेक्षा जास्त सांगते. सोनोग्राफीत टेंडनचा बिघडलेला भाग दुखणं गेल्यावरही बहुतेकदा तसाच दिसतो, आणि ज्यांना काहीच दुखत नाही अशा खेळाडूंच्या सोनोग्राफीतही तो सापडतो. चित्राच्या मागे लागू नको.

वजनाच्या बैठका नीट जमायला लागल्या, सकाळचा आकडा दोनच्या आत स्थिर राहिला की दोरीवरच्या उड्या, मग हळू पळणं, मग वेग, मग व्हॉलीबॉल, याच क्रमानं. वेगाचा दिवस आणि उड्यांचा दिवस यांच्यात सुरुवातीला दोन दिवसांचं अंतर ठेव. आणि पळणं परत सुरू झालं तरी जड बैठका आठवड्यातून दोनदा चालूच राहतील. बरं वाटलं म्हणून त्या सोडणारे पुढच्या भरतीला परत येतात.

किती दिवस लागतील? तीन महिने धरून चाल, सहा लागले तर बिथरू नको. नेदरलँड्समधल्या २०२१ च्या अभ्यासात अशाच पायरीपायरीच्या व्यायामाची पाहणी २४ आठवडे चालली. तेवढ्यातही सगळे पूर्ण बरे झाले नाहीत, पण सुधारले. शस्त्रक्रियेचं नावही काढू नको. नॉर्वेत २००६ मध्ये शस्त्रक्रिया आणि उतारावरच्या बैठका यांची तुलना केली, तेव्हा वर्षभरानंतर दोन्हींत फरक दिसला नाही.

तुझा खरा प्रश्न मला ठाऊक आहे. ग्राउंडची तारीख लागली तर काय? समोर आलेली भरती सोड, असं मी म्हणणार नाही. वय निघून जातं आणि घरची परिस्थिती मला माहीत आहे. तारीख दीड-दोन महिन्यांवर असेल तर असं कर: १६०० चं टायमिंग आठवड्यातून दोनदाच लाव, १०० मीटरचा वेग एकदा, उरलेला दम सायकलवर वाढव, सीट वर केल्यावर. भिंतीची अर्धी बैठक रोज. बेडूकउड्या कायमच्या बंद, सरांना माझं पत्र दाखव. भरतीत उड्यांना एकही गुण नाही, मग त्या कशासाठी? वाटीखाली बांधायच्या पट्ट्यानं बरं वाटत असेल तर त्या दिवशी बांध, त्यानं इलाज होत नाही पण नुकसानही नाही. विशीतल्या पोराचा हा टेंडन असा दुखत असताना तुटणं फार विरळा, त्यामुळं भीती बाळगू नको. ग्राउंड झालं की दुसऱ्या आठवड्यापासून हा इलाज पहिल्या पायरीपासून सुरू कर, निकाल काहीही लागो.

एक गोष्ट मात्र गुडघ्यापेक्षा आधी. तुझी सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा आजार घराघरांत आहे. तरुण पोराचे हातपाय, हाडं, सांधे दुखतात आणि सगळे म्हणतात पळून दुखत असेल. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. आजार नसून नुसता वाहक असशील तरी बहुधा काही होत नाही, पण रखरखीत उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून पळणं वाहकालाही क्वचित घातक ठरू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. फुकट आहे. जाऊन ये आणि कागद जपून ठेव.

घरात प्रत्येकाच्या गुडघ्याला हाच इलाज लागू करत बसू नको. तुझ्या आईचा गुडघा वेगळा. जन्मभर वाकून रोवणी केली, उकिडवं बसून मोहफूल वेचलं, डोक्यावरून गुंड आणले. तिचा सांधाच झिजलेला, त्याचा व्यायाम वेगळा लिहून देईन. आश्रमशाळेतल्या तुझ्या चुलतभावाला वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखतं आणि तिथं टेंगूळ आलंय. ते वाढीच्या वयातलं दुखणं आहे, हाडाची वाढ पुरी झाली की बहुतेकदा आपोआप जातं. त्याला खेळू दे, फक्त कमी. दुखणं वाटीच्या खाली नसून भोवताली आणि मागे असेल तर ते सांध्याच्या पुढच्या भागाचं, बाहेरच्या बाजूला असेल तर पळणाऱ्यांचं आणखी एक वेगळं. आणि गुडघा एकदम फुगला, अडकला, खटकन आवाज होऊन पाय टेकवेना, तापासोबत लाल-गरम झाला किंवा रात्री झोपेतून उठवू लागला, तर माझ्या पत्राची वाट न पाहता थेट दवाखाना.

पळायच्या जागेबद्दल. महामार्गावर पहाटे पळू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आरमोरी-गडचिरोली मार्गावर काटलीजवळ व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकनं उडवलं, चार पोरं गेली. जंगलाच्या वाटेनंही अंधारात नाही, वाघ आणि अस्वल दोघांची ती वेळ असते. उजाडल्यावर शाळेच्या मैदानावर पळा. मातीचं मैदान डांबरापेक्षा बरं, पण एकदम बदलू नका, पायाला नव्या जमिनीचीही सवय लागते. गडचिरोली पोलिसांच्या 'पोलीस दादालोरा खिडकी' योजनेतल्या भरतीपूर्व प्रशिक्षणाची चौकशी कर. तिथं नेमकं किती करायचं ते सांगणारं कोणी असतं.

आपल्या मुलांच्या अंगात कमी काय आहे? २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. पण त्यांना कोणी पंधरवड्यात तिकडे नेलं नव्हतं. महिनोन्‌महिने सराव झाला, आधी छोटे कडे, मग दार्जिलिंग, मग लडाखचा बर्फ, आणि मग एव्हरेस्ट. तेवढा वेळ भरतीच्या पोराला कोणी देत नाही. जाहिरात कधी निघेल हे सरकारच्या हातात, पण तयारी कधी सुरू करायची हे तुमच्या हातात आहे. जाहिरात निघाल्यावर धावायला लागणारा पोरगा टेंडनला जे सहा महिन्यांत जमतं ते सहा आठवड्यांत मागतो. म्हणून तुला आणि तुझ्या मित्रांना माझं एकच सांगणं: यंदाचं काहीही होवो, रोवणी संपल्यावर बैठका आणि हलकं पळणं सुरू करा, जाहिरातीचा पत्ता नसताना. आठवड्यातून तीन दिवस, वर्षभर. जाहिरात निघेल तेव्हा फक्त वेग वाढवायचा उरेल.

आणि समज लागलास भरतीला, तर पुढे काय? वनरक्षकाच्या भरतीत तर मुलांना शेवटी चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं, मुलींना १६. नंतर रोजची बीटची पायपीट. पोलिसात गेलास तर पाठीवर वजन घेऊन जंगलातली गस्त. तिथं स्टॉपवॉच नसतं. ग्राउंड काही मिनिटांत संपतं, त्यानंतरची तीस वर्षं याच गुडघ्यांवर काढायची आहेत.

रविवारी ये. आठवड्याभराचे सकाळचे आकडे लिहिलेली वही आणि सिकलसेलचा कागद सोबत आण, गोळ्यांचं पाकीट आणू नको. तुझ्या आईला म्हणावं, तिचा गुडघाही याच फेरीत बघून टाकू, दोघं एकाच एसटीनं या.

तुझा,
मामा